देव मूळचा कुठला?

दीड दिवसाचा गणपती समुद्रात सोडून आम्ही अलिबागच्या ओल्या वाळूतून परत येत होतो. रिकामा पाट मेहुण्यांच्या डोक्यावर होता. पोरं ओरडत होती, "गणपती गेले गावाला, चैन पडेना आम्हाला." माझी सात वर्षांची भाची मध्येच गप्प झाली आणि माझा हात ओढून म्हणाली, "मामा, बाप्पाचं गाव कुठलं?"

मी म्हटलं, "कैलास."

"नाही. पेण." मूर्ती आणायला ती स्वतः पेणच्या कारखान्यात गेली होती. तिथे रांगेने बसलेले, डोळे न काढलेले गणपती तिने पाहिले होते. "पण पेणच्या आधी कुठे होते?"

पुढची सूत्रं आईने हातात घेतली. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती केला. मग पार्वतीला कुणी केलं? ती हिमालयाची मुलगी. आणि हिमालयाला? ब्रह्मदेवाने. ब्रह्मदेवाला? विष्णूच्या बेंबीतून कमळ उगवलं, त्या कमळात ब्रह्मदेव. "आणि विष्णूला?"

आईने पिशवीतून खिरापतीचा डबा काढला. "आधी हे खोबरं खा."

आम्ही सगळे हसलो. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कारण भाचीचा प्रश्न जगातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे आणि आईचं उत्तर त्याहून फारसं नवं नाही.

गार्गीला मिळालेलं खोबरं

बृहदारण्यक उपनिषदात हाच प्रसंग आहे, फक्त जागा विदेहाच्या जनक राजाच्या सभेची. राजाने हजार गायी बांधून ठेवल्यात, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलंय, आणि जो सर्वांत ज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात असं सांगितलंय. याज्ञवल्क्य वाद सुरू होण्याआधीच शिष्याला सांगतो, गायी घेऊन चल. साहजिकच बाकीचे चिडतात आणि प्रश्नांचा मारा सुरू होतो.

त्यात गार्गी उठते. ती विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? ओतप्रोत हा शब्द आपण आता 'प्रेमाने ओतप्रोत' असा वापरतो, पण मुळात तो विणकराचा शब्द आहे: उभा धागा आणि आडवा धागा. म्हणजे ती विचारतेय, हे कापड कशावर विणलंय? याज्ञवल्क्य म्हणतो, वायूवर. वायू कशावर? अंतरिक्षावर. मग गंधर्वलोक, सूर्य, चंद्र, नक्षत्रं, देव, इंद्र, प्रजापती, असं करत करत गाडी ब्रह्मलोकापर्यंत पोचते. गार्गी विचारते, आणि ब्रह्मलोक कशावर?

याज्ञवल्क्य म्हणतो, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. (ही नुसती धमकी नव्हती. त्याच सभेत पुढे शाकल्याचं डोकं खरोखर गळून पडल्याची कथा आहे.)

पुष्कळजण गोष्ट इथेच संपवतात आणि म्हणतात, बघा, बाईला गप्प केलं. पण गार्गी थोड्या वेळाने पुन्हा उठते. या वेळी सभेची परवानगी घेऊन, धनुष्याला दोरी चढवून, दोन बाण हातात घेऊन उभ्या राहिलेल्या योद्ध्यासारखे माझे दोन प्रश्न आहेत, असं सांगून ती तोच धागा पुन्हा धरते. या खेपेला याज्ञवल्क्याला धमकी देता येत नाही, उत्तर द्यावं लागतं. तो म्हणतो, शेवटी जे आहे ते 'अक्षर': जाड नाही, बारीक नाही, आखूड नाही, लांब नाही. म्हणजे ज्याच्याबद्दल 'कशावर' हा शब्दच लागू पडत नाही असं काहीतरी.

हे उत्तर आहे की नुसती सुटका? मला वाटतं, या प्रश्नाच्या पुढच्या अडीच हजार वर्षांच्या सगळ्या भानगडी या एका शंकेत आहेत.

पंचगंगेचं पाणी

आपल्याकडे म्हण आहे, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. म्हण मोडायची म्हणून नव्हे, पण मी एकदा ऐन पावसाळ्यात क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गेलो होतो. दगडी गोमुखातून पाणी पडत असतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या इथून निघतात असं मानतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी ओंजळ भरली आणि नातवाला म्हणाले, "ही बघ कृष्णा. इथून निघाली ती थेट आंध्रात."

इथून निघाली, हे खरं. पण गोमुखात पाणी कुठून आलं? मागच्या डोंगरातून. डोंगरात? पावसातून, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सच्छिद्र दगडात मुरतो. पाऊस? अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांतून. आणि समुद्राचं पाणी? नद्यांमधून! याच डोंगरावरून निघालेली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला त्याच समुद्राला मिळते.

तेव्हा 'मूळ कुठलं' असं विचारत गेलात की शेवटी तीनच वाटा उरतात. एक, प्रश्न संपतच नाही, मागे मागे जातच राहायचं. दोन, वाट गोल फिरून जिथून निघालो तिथेच येते. तीन, कुठेतरी थांबून म्हणायचं, हे गोमुख, याच्या मागे जायचं नाही. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या पंडितांनी, पहिल्या दोन वाटांना दोषांची नावंच देऊन ठेवलीत. न संपणाऱ्या साखळीला अनवस्था, गोल फिरण्याला चक्रक. तिसऱ्या वाटेवर सांख्यांचं, म्हणजे आणखी एका जुन्या दर्शनाचं, एक सूत्र आहे, ते मला फार आवडतं: 'मूले मूलाभावादमूलं मूलम्.' मुळाला आणखी मूळ नसतं, म्हणून मूळ हे अमूळच असतं. झाडाच्या मुळाखाली खणून 'मुळाचं मूळ' शोधणाऱ्याला काय म्हणणार?

गंमत अशी की हे सूत्र सांख्य देवासाठी वापरत नाहीत. त्यांचं 'अमूळ मूळ' म्हणजे प्रकृती, जिच्यातून हे जग उलगडत जातं. देवाबद्दल त्याच सांख्यसूत्रांत चक्क लिहिलंय, 'ईश्वरासिद्धेः', ईश्वर सिद्ध होत नाही. म्हणजे थांबायचं कुठेतरी सगळ्यांनाच आहे. भांडण आहे ते थांबा कुठे ठेवायचा याचं.

कुंभार आणि मडकं

देवाच्या बाजूचा सर्वांत नेटका युक्तिवाद न्यायवाल्यांचा, म्हणजे त्याच नैयायिकांचा. दहाव्या शतकात मिथिलेत उदयन नावाचा आचार्य होऊन गेला, त्याने तो कळसाला नेला. युक्तिवाद असा: मडकं दिसलं की कुंभार असणार हे आपण धरूनच चालतो, मग तो समोर नसला तरी. मडकं हे 'कार्य' आहे, म्हणजे आधी नव्हतं, मग झालं. पृथ्वी, रोपटं, डोंगर हीसुद्धा कार्यं आहेत, तुकड्यातुकड्यांनी जुळलेली. तेव्हा त्यांचाही कुणी कर्ता असणार.

इथे भाचीचा प्रश्न लगेच येतो: मग त्या कर्त्याचा कर्ता कोण?

आणि इथेच बहुतेक वाद घसरतात. नीट बघा, उदयनाने 'प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो' असं म्हटलेलंच नाही. 'प्रत्येक कार्याला कर्ता असतो' असं म्हटलंय. देव झालेला नाही, तो नेहमीचाच आहे, म्हणून तो कार्य नाही, म्हणून त्याला कर्ता नाही. पटो न पटो, यात लबाडी नाही. शिवाय न्यायाच्या जगात असा न झालेला तो एकटा नाही. परमाणू नित्य, आत्मे नित्य, काळ नित्य, आकाश नित्य. न्यायाचा देव माती तयार करत नाही. कुंभार जसा असलेल्या मातीचं मडकं घडवतो तसा तो असलेल्या परमाणूंचं जग घडवतो. शून्यातून जग काढणारा देव ही कल्पना प्रामुख्याने ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांची. तिथे सुरुवातीला देव एकटाच असतो, म्हणून 'तो कुठून आला' हा प्रश्न तिथे जास्त बोचतो.

उदयनाबद्दल एक दंतकथा सांगतात. तो पुरीला गेला तर जगन्नाथाच्या देवळाचं दार बंद. तो वैतागून देवाला म्हणाला, ऐश्वर्याने माजलायस, मला ओळख दाखवत नाहीस, पण बौद्ध समोर आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं! देव कुठून आला याचं इतकं रोखठोक उत्तर दुसरं सापडणार नाही: माझ्या पोथीतून.

विरोधी पक्षात कोण होतं, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. बौद्ध आणि चार्वाक तर होतेच, पण वेदांचे सर्वांत कट्टर रखवालदार, यज्ञाचं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ न देणारे मीमांसक, तेही होते. सातव्या शतकाच्या सुमाराला कुमारिल भट्टाने विचारलं: जग नव्हतं तेव्हा तो प्रजापती बसला कुठे होता? त्याला शरीर होतं? नसेल तर इच्छा कशी झाली? असेल तर ते शरीर कुणी केलं? करुणेपोटी जग केलं म्हणता, पण तेव्हा करुणा करायला समोर होतं कोण? आणि एक वाक्य तर म्हणीसारखं झालंय: 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', काही हेतू असल्याशिवाय मठ्ठसुद्धा कामाला लागत नाही. मग सगळं मिळालेल्या देवाला जग करायची गरज काय पडली?

मीमांसकांचं स्वतःचं म्हणणं सरळ आहे: 'न कदाचिदनीदृशं जगत्', जग असं नव्हतं असा काळ कधी नव्हताच. बी आधी की झाड आधी, याला उत्तर नाही, आणि नसलं तर बिघडत नाही. पिढी मागे पिढी आहे, बस. अनवस्था हा दोष सगळीकडे लागू होत नाही, बी आणि झाडाच्या साखळीला तो लागू नाही, असं म्हणून त्यांनी पहिली वाट मोकळी करून घेतली.

नवव्या शतकात जैन आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ठेवलेला पेच तर आजही तसाच्या तसा वापरता येतो. देवाने कच्च्या मालाशिवाय जग केलं कसं? आधी माल केला आणि मग जग केलं म्हणाल, तर त्या मालासाठी आणखी माल लागेल आणि संपणारच नाही. माल आपोआप होता म्हणाल, तर मग अख्खं जगच आपोआप होतं म्हणायला काय हरकत? हे जिनसेन राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्याच घराण्यातल्या आधीच्या एका राजाने, पहिल्या कृष्णाने, वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेतलं होतं. एकाच घराण्याच्या छत्राखाली एकीकडे डोंगर कोरून शंकर बाहेर काढला आणि दुसरीकडे गुरुजी विचारत होते, याची खरंच गरज आहे का! आपल्या वादांचा हा मोकळेपणा मला आजच्या टीव्हीवरच्या चर्चा बघताना हमखास आठवतो.

उसनी साखर

ख्रिस्ती जगात याच प्रश्नावर सन ४००च्या आसपास ऑगस्टिन या बिशपने लिहिलंय. जग करण्याआधी देव काय करत होता, असं विचारणाऱ्यांना तेव्हा एक विनोदी उत्तर दिलं जायचं: असले खोल प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. ऑगस्टिन म्हणतो, मी हे उत्तर देणार नाही, ही चेष्टा झाली. त्याचं खरं उत्तर असं, की काळसुद्धा जगाबरोबरच निर्माण झाला. काळच नव्हता तर 'आधी' कुठला?

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने आणखी बारीक भेद केला. तो समजण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. तुमच्याकडे वाटीभर साखर मागायला कुणी आलं. तुमच्याकडे नाही, तुम्ही म्हणालात, थांबा, मी शेजारून उसनी आणते. शेजारणीकडेही नाही, ती तिच्या शेजारणीकडे जाते. ही रांग कितीही लांब असो, अगदी अनंत असो, रांगेतली प्रत्येकजण उसनीच आणणार असेल तर तुमच्या वाटीत साखर येणार नाही. वाटीत साखर आली याचा अर्थ कुणाच्या तरी डब्यात स्वतःची होती. अक्वायनसचं म्हणणं काहीसं असं: जगातली प्रत्येक गोष्ट आपलं असणं उसनं आणते, तर ज्याचं असणं उसनं नाही असं काहीतरी असलंच पाहिजे. यात 'पूर्वी कधीतरी' हा भागच नाही. जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध करता येत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. त्याचा प्रश्न आत्ता, या क्षणी साखर कुठून येतेय, हा आहे. म्हणून 'मग देवाकडे साखर कुठून आली' असं विचारलं की तो म्हणणार, अहो, डबा त्याचाच आहे, हेच तर मी सांगतोय.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल अठरा वर्षांचा असताना त्याच्या आधीच्या पिढीतला तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याचं आत्मचरित्र वाचत होता. त्यात मिलने लिहिलंय की वडिलांनी त्याला शिकवलं, 'मला कुणी केलं' याचं उत्तर 'देवाने' असं दिलं की लगेच 'देवाला कुणी केलं' हा प्रश्न येतो. त्या एका वाक्याने रसेलचा या युक्तिवादावरचा विश्वास उडाला. १९२७ साली लंडनच्या एका व्याख्यानात त्याने ते सांगितलं आणि वर एक गोष्टही सांगितली: हिंदू म्हणतात जग हत्तीवर आहे आणि हत्ती कासवावर. 'आणि कासव?' असं विचारलं की ते म्हणतात, आपण विषय बदलू या. म्हणजे आमच्या आईचं खोबरं थेट लंडनला पोचलं होतं. फक्त गार्गी, कुमारिल आणि जिनसेन मात्र वाटेतच राहिले.

रसेलच्या युक्तिवादाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे तोलायला हवेत. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून देवालाही असणार' हा भाग कच्चा. कारण तसं वाक्य उदयनाचंही नाही आणि अक्वायनसचंही नाही. पण दुसरा भाग पक्का: कारणाशिवाय काही असू शकतं असं एकदा मान्य केलंत, तर ते देवच का, जगच का नको? साखरेचा डबा विश्वाचाच का नसेल? १९४८ साली बीबीसी रेडिओवर फादर कोपलस्टनशी वाद घालताना तो एवढंच म्हणाला, की विश्व आहे, बस, एवढंच. जिनसेनांनी हजार वर्षांपूर्वी टाकलेलं पाऊल तेच.

श्रद्धावान यावर म्हणतो, विश्व बदलतं, त्याचे तुकडे होतात, ते आहे त्याहून वेगळंही असू शकलं असतं, म्हणून ते उसन्या साखरेसारखंच दिसतं. नास्तिक म्हणतो, तुकडे उसने असतील, पण सगळ्यांची मिळून जी काही वस्तू आहे तीही उसनीच हे कशावरून? माझ्या मते वाद इथे खरोखर बरोबरीत अडकतो. 'देवाला कुणी केलं' असं विचारून आपण आस्तिकाला चीतपट केलं असं ज्याला वाटतं त्याने प्रश्न अर्धाच ऐकलेला असतो. आणि 'देव अनादि आहे' एवढं म्हणून जो हात झटकतो त्याने उत्तर अर्धंच दिलेलं असतं.

विज्ञानाला यात ओढायची घाई दोन्हीकडून होते. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतिशय दाट, तप्त अवस्थेतून पसरत आलं, या महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक, जॉर्ज लमेत्र, स्वतः कॅथलिक पाद्री होता. १९५१ साली पोप बाराव्या पायसने या शोधात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. त्याचा देव समीकरणातल्या रिकाम्या जागेत बसणारा नव्हता. स्टीफन हॉकिंग म्हणायचे, महास्फोटाच्या आधी काय होतं हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे हे विचारण्यासारखं. ऑगस्टिनच्या उत्तराची ही जवळजवळ सख्खी बहीण. पण ध्रुवाच्या उत्तरेला काही नाही हे कळलं तरी पृथ्वी का आहे हे कळत नाही, तेवढं राहतंच.

कानडा हो विठ्ठलु

या प्रश्नाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मात्र चांगला सोडवता येतो. देव नव्हे, देवाचं रूप कुठून आलं? याला पुरावे असतात: शिलालेख, मूर्ती, ओव्या, यात्रेचे रस्ते.

विठोबाचंच घ्या. आरतीत आपण म्हणतो, 'पुंडलिकाचे भेटी परब्रह्म आले गा'. आले, म्हणजे कुठून तरी आले. आणि ज्ञानेश्वर तर मोकळेपणाने गावच सांगतात: 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु'. कानडा म्हणजे न कळणारा असाही अर्थ लावतात, पण 'कर्नाटकु'चं काय करणार? रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात गवळी-धनगरांच्या लोकदेवापर्यंत विठोबाचा माग काढला. गुरं राखणाऱ्यांचा देव पुढे विष्णूशी, कृष्णाशी एकरूप होत गेला. खंडोबाचीही तीच तऱ्हा. कर्नाटकात तो मैलार, आंध्रात मल्लन्ना, आणि आपल्याकडे त्याच्या दोन बायका दोन समाजांच्या, वाण्यांची म्हाळसा आणि धनगरांची बाणाई. देवाच्या घरात कोण नांदतं यावरून देव कुणाकुणाच्या वाटेने आला ते कळतं.

असं मूळ सापडलं की काहींना वाटतं, झालं, देव खोटा ठरला. काहींना वाटतं, संशोधकाने देवाचा अपमान केला. मला दोन्ही घाया पटत नाहीत. मला सात अधिक पाच बारा हे कुणी शिकवलं याचा इतिहास काढता येईल, पण त्यावरून बारा खरे की खोटे ते ठरणार नाही. कल्पना कुठून आली आणि ती खरी आहे का, हे दोन वेगळे हिशेब आहेत. गवतात सळसळ झाली की 'कुणीतरी आहे' असं मनात आधी येतं, वारा नंतर आठवतो, आणि मनाच्या या सवयीतून देव उगवले असं काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. शक्य आहे. पण गवतात कधी कधी खरंच कुणीतरी असतं. विठ्ठल कानडी मुलखातून आला हे वाचून वारीची एकही दिंडी फलटणहून मागे फिरलेली नाही.

ज्ञानेश्वरीची पहिली ओवी या दृष्टीने पुन्हा वाचून बघा. 'ॐ नमो जी आद्या', जो सर्वांच्या आधीचा. आणि लगेच, 'जय जय स्वसंवेद्या', जो स्वतःच स्वतःला जाणतो. आद्य म्हटल्यावर कुणीतरी 'त्याच्याआधी कोण' विचारणारच, आणि स्वसंवेद्य हा शब्द त्याच्या तोंडावर दार लावत नाही, वेगळ्या खोलीचं दार उघडतो: हा दुसऱ्याकडून कळणारा नाही. दिवा बघायला दुसरा दिवा लागत नाही, तसं. तत्त्वज्ञानातला वाद यानेही मिटत नाही, हे उघड आहे. पण वारकऱ्याला तो मिटवायचा नव्हताच, त्याला भेटायचं होतं.

विसर्जन

त्या रात्री मी नासदीय सूक्त काढून बसलो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे १२९ वं सूक्त, दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांच्या कानात ते 'भारत एक खोज'च्या शीर्षकगीतामुळे असतं. त्यात शब्दशः भाचीचाच प्रश्न आहे: 'कुत आजाता कुत इयं विसृष्टिः', ही कुठून जन्मली, ही सृष्टी कुठून? आणि पुढे एक ओळ आहे जिने मला अनेक वर्षांनी पुन्हा थबकवलं: 'अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन'. देव तर या सृष्टीच्या अलीकडचे! म्हणजे कुठून आलं हे देवांना विचारून उपयोग नाही, तेही नंतर आले. मग माहीत कुणाला? परम आकाशातून जो हे सगळं बघतो त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. इथे सूक्त संपतं.

त्या ओळीतला 'विसर्जन' हा शब्द पुन्हा वाचा. आपल्याला विसर्जन म्हणजे बुडवणं, निरोप. तिथे त्याचा अर्थ सृष्टी होणं, आतून बाहेर सुटणं असा आहे. दुपारी आम्ही ज्या शब्दाने देव पाठवला त्याच शब्दाने ऋषीने जग आणलं होतं. पाठवताना उत्तरपूजेत गुरुजीही 'पुनरागमनाय च' म्हणालेच होते, पुन्हा येण्यासाठी जा. कुठून यायचं ते मंत्रात नाही.

घरी पोचल्यावर मेहुण्यांनी पाट देवघरासमोर ठेवला होता. रिवाजाप्रमाणे त्यावर किनाऱ्यावरून आणलेली मूठभर ओली वाळू होती. भाचीने तिच्यात बोट घातलं, थोडी चिमटीत धरून दिव्याजवळ नेली.

"आजी, ही बाप्पाच्या गावची?"

खोबऱ्याचा डबा एव्हाना रिकामा झाला होता. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तिथलीच असेल. पाटावर परत ठेव."